बिनपगारी माणसांचा संप

मंगळवार, ७ जानेवारी

धाकटीने आज माझ्या गळ्यात एक काम अडकवलं. नको म्हणायला मी तोंड उघडलं होतं, पण तिने पुढ्यात चहा ठेवला आणि म्हणाली, "ताई, मी सगळ्यांना सांगून बसलेय. आता नाही म्हणालीस तर माझं नाक कापलं जाईल." मग काय करणार, हो म्हटलं.

काम असं. जुन्या नाटकगृहाच्या माळ्यावर एका फिरत्या नाटक कंपनीचे रंगवलेले पडदे आहेत. जंगल, राजवाडा, रस्ता, नदीकाठ, तुरुंग. कंपनी कधीच बुडाली, मालक गेले, पडदे तेवढे राहिले. धाकटी आणि आणखी चार माणसं गेली कित्येक वर्षं ते झाडतात, पुसतात, फाटलेलं सांधतात. एक पैसा न घेता. आता सरकारकडून अनुदान मिळायची शक्यता आहे, पण अट अशी की निम्मा वाटा गावाने उचलायचा, रोख किंवा श्रमाच्या रूपात. रोख कुठून आणणार? श्रम मात्र ढीगभर आहेत. तेव्हा त्या श्रमांची किंमत लावून, रीतसर अहवाल करून नगरपालिकेत द्यायचा.

"किंमत लावणारं माणूस आमच्या घरातच आहे," असं ही बाई सांगून आली.

खरं आहे ते. विमा कंपनीत माझं आयुष्य गेलं ते नुकसान मोजण्यात. जळालेल्या गोदामात, पाणी शिरलेल्या दुकानात उभं राहून किती गेलं ते सांगायचं. पण केलेल्या कामाची, तेही फुकट केलेल्या कामाची किंमत मी कधी लावलेली नाही. आठवड्याभराचं काम आहे. करून टाकीन. हे गेल्यापासून मी इथे राहायला आले ती धाकटीला सोबत व्हावी म्हणून. मग तिच्यासाठी एवढं केलं पाहिजे.

गुरुवार, ९ जानेवारी

आज माळा बघितला. जिना अरुंद, कठडा हलतो. वर गेल्यावर आधी वास येतो, जुन्या कापडाचा आणि खळीचा. मग दिसतं ते एवढं लांबलचक टेबल की चार दारं एकापुढे एक ठेवून केलंय की काय असं वाटावं. (तसंच केलंय. नाटकगृहाची जुनी दारं आहेत.) भिंतीला लागून लाकडी रुळांवर गुंडाळलेले पडदे, झोपलेल्या माणसांसारखे.

टेबलावर 'रस्ता' पसरला होता. दोन्ही बाजूंना दुकानं, मधे वाट लांब जाऊन बारीक झालेली. जवळून बघितलं तर नुसते रंगाचे फटकारे. दहा पावलं मागे जा, की वाटतं आत चालत जावं.

माणसं अशी. एक निवृत्त दातांचे डॉक्टर. दात कोरायच्या बारीक हत्यारांनी कापडाच्या विणीतली घाण काढतात. एक पेंटर, दुकानांच्या पाट्या रंगवायचे, आता उडालेला रंग जुळवतात. दोघी सख्ख्या जावा, घरी एकमेकींशी चकार शब्द बोलत नाहीत, आणि इथे एका बाकावर बसून एकाच फाटलेल्या जागेला दोन बाजूंनी टाके घालतात. आणि आमची धाकटी, जिला घरात साधा टॉवेल जागच्या जागी ठेवता येत नाही, ती इथे सगळ्यांना सांगते काय कुठे ठेवायचं.

सहावी एक बाई आहे, ती मात्र पगारी. नगरपालिकेची नोकर. किल्ल्यांचा जुडगा कमरेला, म्हणून तिला सगळे मागे किल्लीबाई म्हणतात. खिडक्या उघडणं, मिटणं, ओल तपासणं, उंदीर, वाळवी, नळ, दिवे, सगळं तिच्याकडे. मला तिने वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"तुम्ही पण फुकटातल्या का?"

म्हटलं, "नाही हो. मी फक्त मोजायला आलेय."

"मग जिना उतरताना पायऱ्या मोजा," ती म्हणाली. "मधली एक तुटकी आहे."

बुधवार, १५ जानेवारी

वाटलं होतं तेवढं सोपं नाही.

फुकट कामाची किंमत दोन तऱ्हांनी लावता येते. एक, हेच काम दुसऱ्या कोणाकडून पैसे देऊन करून घेतलं तर काय पडेल. दोन, ही माणसं त्या वेळात आपापला धंदा करती तर काय कमावती. आता डॉक्टरांचा एक तास घ्या. दुसऱ्या तऱ्हेने तो दात बसवण्याच्या दराने धरावा लागेल. पहिल्या तऱ्हेने झाडूवाल्याच्या.

डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "झाडूवाल्याचाच धरा. पडदा पेशंटपेक्षा बरा. ओरडत नाही."

मी पहिली तऱ्हा धरायचं ठरवलं. मग धाकटी विचारते, "ताई, घरी मी आंघोळ करताना विचार करते की 'नदीकाठ'मधल्या झाडाला आतून कापड कसं लावायचं, ते कशात धरायचं?"

"कशातच नाही."

"आणि पेंटर महिनाभर फिरून तसलं निळं शोधून आणतात ते?"

"जाण्यायेण्याचा वेळ दाखवता येईल."

"आणि जावाजावांना एकमेकींशेजारी बसवायला मला दोन वर्षं लागली ते?"

मी म्हटलं, असं करत बसलं तर अहवाल कधीच पुरा व्हायचा नाही. ती हसली. हसण्यासारखं काय होतं कोण जाणे.

सोमवार, २० जानेवारी

आज वर्गवारी केली. नगरपालिकेच्या अर्जात दोनच रकाने आहेत, कुशल आणि अकुशल. कुशल म्हणजे ज्याच्याकडे त्या कामाचं प्रमाणपत्र आहे तो. मी नियम वाचून दाखवला. थोरल्या जाऊबाईंनी लग्नाआधी शिवणाचा डिप्लोमा केलेला आहे, त्या कुशल. बाकी सगळे अकुशल.

डॉक्टर खो खो हसले. "आयुष्यभर लोकांनी मला कुशल समजून तोंड उघडलं आणि इथे येऊन मी हमाल झालो." पेंटर ब्रश पुसत राहिले.

पण जावांमध्ये ठिणगी पडली. धाकट्या जाऊबाई उठून उभ्या राहिल्या. "म्हणजे एकाच भोकाला ह्यांचा टाका महाग आणि माझा स्वस्त?" थोरल्या म्हणाल्या, "मी कुठे म्हटलं? सरकार म्हणतंय." झालं. एक टेबलाच्या ह्या टोकाला जाऊन बसली, दुसरी त्या टोकाला. मधे अख्खा रस्ता.

धाकटीला मी बाजूला घेऊन म्हटलं, तुझ्याकडेही काही सर्टिफिकेट नाही, तू शाळेच्या ऑफिसात होतीस, तेव्हा तुलाही अकुशल धरलंय. वाईट वाटून घेऊ नकोस. ती म्हणाली, "बरोबर आहे. नियमच तसा आहे."

तिला पटलं, बरं झालं. मला उगाच धाकधूक होती.

शुक्रवार, २४ जानेवारी

धाकटीचं काहीतरी बिनसलंय. जेवताना बोलत नाही. मी विचारलं, पोट ठीक आहे ना? म्हणे, ठीक आहे. तिला पित्ताचा त्रास होतो लहानपणापासून. ओवा दिला.

सोमवार, ३ फेब्रुवारी

आज बाहेरगावाहून एक बाई आल्या होत्या. जुन्या चित्रांवर, कापडांवर उपचार करणाऱ्या, मोठ्या संग्रहालयात काम केलेल्या. अनुदानाच्या आधी त्यांचा शेरा लागतो.

'राजवाडा' उघडला. मी तो पहिल्यांदाच पाहिला. खांब, झुंबरं, मागे जाळीची खिडकी, खिडकीतून दिसणारं संध्याकाळचं आभाळ. धाकटीचा हा सगळ्यात लाडका. लहानपणी वडिलांनी आम्हाला ह्याच नाटकगृहात नाटकाला आणलं होतं, तेव्हा हाच पडदा होता म्हणे. मला नाटक आठवतं, पडदा आठवत नाही. ती म्हणते मी झोपले होते.

बाईंनी भिंग लावून बघितलं आणि हात मागे घेतला. बुरशी. वरवरची नाही, धाग्यांच्या आत गेलेली. म्हणाल्या, हा पडदा लौकर प्रयोगशाळेत न्यावा लागेल. खर्च मोठा आहे. नाही नेला तर इथून तरी हलवा, नाहीतर शेजारचे सगळे धरतील.

मग त्या धाकटीने सांधलेला 'रस्ता' उलटा करून बघत बसल्या. बराच वेळ. म्हणाल्या, "हे काम करणारं माणूस आमच्याकडे असतं तर मी त्याला सुट्टीसुद्धा दिली नसती." धाकटी कानापर्यंत लाल झाली. गेल्या पंधरवड्यात पहिल्यांदा तिच्या चेहऱ्यावर रंग पाहिला. ओव्याने गुण आला असावा.

मी त्या बाईंना विचारलं, हे काम कुशल म्हणायचं की अकुशल? त्यांना प्रश्नच कळेना. मी नियम सांगितला. त्यांनी तिथेच बसून सही-शिक्क्यानिशी लिहून दिलं की इथल्या पाचही जणांचं काम कुशल दर्जाचं आहे.

प्रमाणपत्र म्हणजे प्रमाणपत्र. घरी येऊन सगळे आकडे पुन्हा मांडले.

बुधवार, १२ फेब्रुवारी

अहवाल दिला. वर्षभराच्या फुकट कामाची किंमत किल्लीबाईंच्या चार वर्षांच्या पगाराहून जास्त निघाली. मी दोनदा तपासून पाहिलं. बरोबर आहे.

सांस्कृतिक विभागाचे साहेब तरुण आहेत, सभ्य आहेत. खुर्ची दिली, पाणी दिलं. शेवटच्या पानावरचं वाक्य मोठ्याने वाचलं, "स्वयंसेवकांमुळे हा संग्रह जवळजवळ विनाखर्च सांभाळला जात आहे." म्हणाले, "काय वाक्य आहे मॅडम! हेच मी वर सांगत होतो, पण असं कागदावर नव्हतं."

इतक्या दिवसांनी कोणीतरी माझ्या कामाला मान डोलावली. परतताना नाटकगृहावरून आले. डॉक्टर म्हणाले, "तुमच्या बहिणीने वेड्यासारखी वाट पाहिली हो तुमची. मागच्या वर्षापासून सांगत होती, माझी ताई घरात नुसती खिडकीशी बसून असते, तिला इथे आणायचंय, काहीतरी काम काढा."

तिला माणसं गोळा करायची पहिल्यापासून हौस.

सोमवार, २४ फेब्रुवारी

सकाळी माळ्यावर गेले तर कोणी काम करत नव्हतं. किल्लीबाई बाकावर बसली होती. तिला मी आजवर बसलेली पाहिलीच नव्हती.

नगरपालिकेची नोटीस आलीय. तिची जागा महिन्याभराने रद्द. कारण दिलंय, संग्रह स्वयंसेवकांकडून विनाखर्च सांभाळला जात असल्याने पगारी पदाची आवश्यकता उरलेली नाही. खाली संदर्भ, माझा अहवाल.

मी वाक्य ओळखलं. स्वतःचं वाक्य दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं की कसं ओळखू येतं तसं.

मी म्हटलं, "बाई, मला असं म्हणायचं नव्हतं."

"मग काय म्हणायचं होतं?" ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं. "मी ह्या खिडक्या रोज उघडते म्हणून उजेड येतो आणि तुमच्या सुईत धागा ओवला जातो. ते लिहिलंत कुठे?"

कुठेच नव्हतं. अर्ज फुकट कामाचा होता. तिला पगार होता, म्हणून तिचं काम मी धरलंच नव्हतं. घर हिच्या पगारावर चालतं. नवऱ्याला काम नाही, मुलगी शिकतेय.

धाकटी घरी आली, चपला काढल्या. मग म्हणाली, "ताई, तू आम्हाला कुशल केलंस आणि तिला बेकार." आणि लगेच माझा हात धरून म्हणाली, "तुला बोलत नाहीये मी." पण बोलली मलाच.

बुधवार, २६ फेब्रुवारी

मी साहेबांकडे जाऊन आले. वाक्य मागे घ्यायचंय म्हटलं. साहेब म्हणाले, वाक्य मागे घ्याल, पण आकडा खरा आहे ना? आता आकडा खराच. मी खोटा म्हणू शकत नाही. तिथून हात हलवत परत.

माळ्यावर बैठक झाली. निवेदन द्यावं, सह्या गोळा कराव्यात, वर्गणी काढून पगार द्यावा. वर्गणीचं ऐकून किल्लीबाई कडाडली, "मी काय पूरग्रस्त आहे?"

मग डॉक्टर आपले गमतीने म्हणाले, "आपण संप करू."

सगळे हसले. पेंटर म्हणाले, "बिनपगारी माणसांचा संप! पगार कापणार तो कसा?" धाकट्या जाऊबाईंचं तर डोळ्यांतून पाणी आलं हसताना. थोरल्यांनी त्यांना पदर दिला पुसायला. महिन्यानंतर पहिला व्यवहार.

हसत नव्हती ती एकटी धाकटी. म्हणाली, "का नाही? ते म्हणतात ना की आमच्या जिवावर सगळं विनाखर्च चाललंय? मग आम्ही थांबतो. बघू दे काय चालतं."

किल्लीबाई म्हणाली, "तुमचं काय जातंय थांबायला? तुमचा छंद. माझी नोकरी आहे."

धाकटी मग म्हणाली, "बाई, माझं काय जातंय ते तुम्हाला नाही सांगता येणार. पण जातंय."

उद्यापासून बंद. मला विचारलं तर हा पोरखेळ आहे. पण मला कोणी विचारलं नाही, कारण मी काही त्यांच्यातली नाही.

मंगळवार, ४ मार्च

घरातली एकही शिवण सुरक्षित नाही. धाकटीने सगळ्या उशांचे अभ्रे उसवून पुन्हा शिवले. खिडक्यांच्या पडद्यांच्या पट्ट्या खाली सोडल्या, मग वर घेतल्या. आज माझ्या चष्म्याच्या घराला अस्तर लावून दिलं. मी म्हटलं, अगं, आता मला शिवशील. ती म्हणाली, "तू फाटलीस तर शिवीन."

दुपारी ती खिडकीशी जाऊन बसते. असं नुसतं बसून राहणं चांगलं नाही माणसाला. मी तिला दोनदा बाजारात नेऊन आणलं.

रविवार, ९ मार्च

आज घरी एक पाहुणा आला. समारंभ, लग्नं, सभा यांची सजावट करणारा कंत्राटदार. गोष्ट अशी की ह्या महिन्याअखेर नाटकगृहाचा वर्धापनदिन आहे, मोठी पाहुणे मंडळी येणार आहेत, आणि साहेबांनी निमंत्रणपत्रिकेत छापून टाकलंय की ऐतिहासिक 'जंगल' पडदा रंगमंचावर लावला जाईल. लावणार कोण? दरवेळी धाकटी आणि मंडळी लावतात. आता संप. तेव्हा साहेबांनी ह्याला गाठलं.

तो बिचारा माळ्यावर जाऊन आला होता. रुळावरचा पडदा हातभर उलगडला आणि रंगाचे पोपडे त्याच्या बुटावर पडले. घाबरून तसाच गुंडाळून ठेवला.

"मावशी," तो धाकटीला म्हणाला, "तुम्ही माझ्याकडे या. नुसतं उभं राहून सांगायचं. रोजचे पैसे देतो." आणि त्याने जो आकडा सांगितला तो माझ्या अहवालातल्या कुशल दराच्या दुप्पट होता. वर म्हणाला, साहेब सगळ्या देखभालीचंच कंत्राट देणार आहेत, तेव्हा काम कायमचं राहील.

मी धाकटीला आत बोलावलं. म्हटलं, घे. इतकी वर्षं फुकट केलंस, आता कोणी मोल करतंय तर लाजायचं कशाला? तिला पेन्शन काय तर चिमूटभर. मी मनापासून सांगत होते.

ती ओट्याला टेकून उभी राहिली. तिलाही वाटत होतं घ्यावंसं. मला दिसत होतं. शेवटी म्हणाली, "पैसे नकोत असं नाही गं ताई. पण हे पैसे किल्लीबाईच्या ताटातून माझ्या ताटात येणार. माझ्या घशाखाली उतरेल का?"

बाहेर जाऊन तिने नाही म्हटलं. तो उठताना म्हणाला, "मग मीही नाही घेत. मला कशाला खड्ड्यात घालता. ते फाटलं तर माझा फोटो पेपरात येईल."

मी नंतर माझा अहवाल काढून बघितला. दर दुप्पट लावायला हवा होता. पण ताटाचं कुठल्या रकान्यात लिहायचं हे मला अजून कळलेलं नाही.

गुरुवार, १३ मार्च

साहेब स्वतः माळ्यावर आले. तुटकी पायरी त्यांना लागलीच. सगळ्यांना बोलावलं होतं. मीही गेले, अहवालाबद्दल काही विचारलं तर हजर असावं म्हणून.

साहेब सरळ बोलले, याचं मला बरं वाटलं. म्हणाले, "चूक झाली. जागा रद्द व्हायला नको होती. पण नगरपालिकेच्या खर्चातून ती कापली गेली आहे, परत घालता येणार नाही. अनुदानातून घालता येईल, पाच वर्षांसाठी. पण पैसा तेवढाच आहे. बाईंची जागा ठेवली तर राजवाड्याच्या उपचाराचे पैसे उरत नाहीत. राजवाडा वाचवायचा तर जागा जाते. तुम्हीच ठरवा, मी तसं लिहून पाठवतो."

ते गेल्यावर किल्लीबाई उठली आणि खाली निघून गेली. जाताना म्हणाली, "माझ्यासमोर ठरवू नका."

पेंटर हळूच म्हणाले, राजवाडा पुन्हा होणे नाही. तसा रंगवणारा माणूस आता जगात नाही. डॉक्टर म्हणाले, मी थोडे घालतो पदरचे. हिशेब केला, सगळ्यांनी घातले तरी प्रयोगशाळेपर्यंतचं गाडीभाडं सुटेल एवढंच. थोरल्या जाऊबाई म्हणाल्या, बाईला दुसरीकडे नोकरी मिळेल की. धाकट्या म्हणाल्या, "ह्या वयात? तुम्हाला दिली असती कोणी?"

सगळे धाकटीकडे बघायला लागले. ती राजवाड्याच्या रुळाजवळ उभी होती, हात त्याच्यावर. "उद्या सांगते" म्हणाली.

शुक्रवार, १४ मार्च

सकाळी चहा घेताना धाकटी म्हणाली, "ताई, तू आगीत जळलेल्या घरांत जायचीस. लोक काय शोधायचे गं आधी?"

मी म्हटलं, "सामान नाही. आधी एकमेकांना मोजायचे."

एवढंच बोलणं झालं. अकरा वाजता तिने माळ्यावर सांगितलं, बाई राहू देत. कोणी वाद घातला नाही. पेंटर तोंड फिरवून खिडकीकडे गेले.

खाली जाऊन किल्लीबाईला सांगितलं. ती नळाखाली बादली लावत होती. पाणी बंद केलं, हात पुसले, आणि म्हणाली, "मग तो कुजका राजवाडा कधी हलवताय? शेजारी जंगल आहे." आभार वगैरे काही नाही. डॉक्टरांना राग आला. मला नाही आला. विम्याचे पैसे मिळाल्यावरही लोक असेच बोलायचे.

गुरुवार, २० मार्च

आज राजवाडा कापला.

त्या संग्रहालयाच्या बाईंनी फोनवर सांगितलं होतं, जिथे बुरशी नाही एवढा भाग निराळा काढता येईल, बाकी जाळून टाका. बुरशी नव्हती ती फक्त खिडकीवर. जाळी आणि मागचं आभाळ, दोन हात रुंद.

पडदा आधी रंगमंचावर टांगला. म्हणजे टांगता येत होता तोवर एकदा. आम्ही प्रेक्षकांच्या खुर्च्यांत विखरून बसलो. खालचे दिवे लावल्यावर खांब असे पुढे आले की मला खरंच वाटलं कोणीतरी आतून बोलत येईल. तेव्हा मी का झोपले असेन?

मग उतरवून टेबलावर घेतला. तोंडाला फडकी बांधली. पलीकडचं टोक धरायला कोणी नव्हतं, म्हणून मी धरलं. धाकटीने कात्री घेतली. वर्षानुवर्षं ह्या कापडात तिने सुई घातली होती, कात्री कधीच नाही. खिडकीच्या एका बाजूने तिने सरळ कापत आणलं. हात स्थिर होता. कोपऱ्यावर वळायची वेळ आली आणि ती थांबली. कात्री उघडी धरून नुसतीच उभी. मी म्हटलं, "अगं, काप ना, माझे हात भरून आले." ती कापेना.

किल्लीबाई दाराशी होती. ती आली, धाकटीच्या बोटांतून कात्री काढून घेतली, आणि म्हणाली, "तुम्ही तिकडे बघा." आणि उरलेल्या तीन बाजू तिने कापल्या. सावकाश, रेषेवरून, एक धागा इकडे नाही की तिकडे नाही. कापताना तिच्या फडक्याच्या वरच्या कडेला डोळे वाहत होते. बुरशीने होतं तसं, धूळ जाते डोळ्यांत.

कापून झाल्यावर तिने खिडकी उचलून धाकटीच्या हातांवर ठेवली. बाकीचं स्वतः गुंडाळलं, एकटीने मागच्या अंगणात नेलं. आम्हाला येऊ दिलं नाही.

बुधवार, २ एप्रिल

परवाचा वर्धापनदिन पार पडला. संप मिटला होता, जंगल लागलं. पाहुण्यांनी भाषणात ते डिजिटल आहे असं समजून कौतुक केलं.

अहवालाची नवी प्रत मी आज पाठवली. ते वाक्य काढून टाकलं. त्या जागी काय लिहावं ते आठवडाभर सुचत नव्हतं. शेवटी एवढंच लिहिलं की हे काम फुकट होतं, म्हणजे त्याचे पैसे कोणी दिले नाहीत, एवढाच त्याचा अर्थ घ्यावा. साहेबांना पटो न पटो. माझं काम संपलं.

उद्या 'नदीकाठ' उघडणार आहेत. मोठा पडदा आहे, धाकटीला एकटीला आवरायचा नाही, आणि जावांचं पुन्हा काहीतरी वाजलंय. तेव्हा उद्या जाईन म्हणते. खळ कपड्यांना लागते, म्हणून ह्यांचा एखादा जुना शर्ट अंगावर घालायला बघत होते. ह्यांची बॅग इथे आणल्यापासून उघडलेली नव्हती, चेन गंजून बसली होती. धाकटीने मेणबत्ती घासून दिली, तेव्हा कुठे सरकली. निळा चौकड्यांचा काढून ठेवलाय. बाह्या लांब होतात. दुमडून घेईन.